रात्री दीड वाजता डबल बेल

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न आणि प्राणिशास्त्राच्या निवृत्त बाईंची उत्तरं

मागच्या अंकात एका आजींच्या पत्राला उत्तर देताना मी जळवांवर दोन परिच्छेद लिहिले आणि शेवटी सहज म्हणून गेले की, रक्त पिणाऱ्यांबद्दल आणखी कुणाला शंका असेल तर जरूर विचारा. चूक झाली. या महिन्यात सात पत्रं आली. तीन कारल्याच्या रसाबद्दलची आहेत, त्यांना आता उत्तर मिळणार नाही. उरलेली चार खाली घेतली आहेत.

प्रश्न : सा. न. वि. वि. बाई, मी एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालो त्याला आठ वर्षं झाली. वय ६६, राहणार गोडोली, सातारा. बरीच वर्षं सातारा–मेढा–महाबळेश्वर केली, शेवटी स्वारगेट विनाथांबा. बामणोलीला मुक्कामाची गाडी असायची तेव्हा कंदिलाच्या उजेडात रहस्यकथा वाचायचो, एका रात्रीत एक. मग संसार आला आणि वाचन सुटलं.

गेल्या दिवाळीत नातीनं तिच्या टॅबवर एक इंग्रजी मालिका लावून दिली. नऊ भाग आहेत. व्हॅम्पायर शेकडो वर्षं माणसांत लपून राहिलेले असतात आणि वरून एलियनांचं आरमार येतं. एलियनांनाही माणसंच हवी असतात. मग व्हॅम्पायर माणसांच्या बाजूनं लढतात, कारण त्यांचं रेशन दुसरं कुणी पळवतंय! माझं इंग्रजी जुन्या अकरावीचं. पहिला भाग डिक्शनरी घेऊन एकवीस दिवसांत वाचला. पाचवा दोन रात्रींत.

आता अडचण सांगतो. रात्रीचा दीड वाजतो तरी हातातून सुटत नाही, आणि सकाळी दूध आणायला जाताना आठवू म्हटलं तर निम्मी माणसं आठवत नाहीत. हे वयामुळे का? दुसरं, पहिल्या भागात व्हॅम्पायर उन्हात जळून जातो. पाचव्या भागात तोच गडी परक्या ग्रहावर दिवसाढवळ्या लढतो. लेखक म्हणतो, तिथला सूर्य लाल आणि बारका आहे. ही पळवाट की शास्त्र? ऊन ते ऊनच ना? तिसरं म्हणजे आमची मंडळी. तिचं म्हणणं, जपमाळ घ्यायच्या वयात रक्त पिणाऱ्यांच्या गोष्टी कसल्या वाचताय, दिवेलागणीला तरी ते मिटा. ती नवरात्रात सप्तशतीचा पाठ करते. तिला काय सांगू?

ता. क. आठव्या भागाच्या शेवटी तो जो सरदार असतो ना, तो

(पुढच्या चार ओळी संपादकांनी माझ्या विनंतीवरून काढल्या आहेत.)

— एक माजी वाहक, सातारा

उत्तर : कंडक्टरसाहेब, न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मी बोलत नाही, म्हणून भाचीकडून पहिले सहा भाग मिळवले. मालिकेचं नाव छापत नाही. फुकट जाहिरातही नको आणि मी खाली जी तक्रार करणार आहे तीही कुणाच्या नावावर नको.

पहिला भाग कुठे वाचला ते सांगितलंच पाहिजे. नोव्हेंबर होता, आणि पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. बँकेत अडीच तास रांग. मागेपुढे सगळे सत्तरीचे, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला आलेले, आणि माझ्या मांडीवर न मेलेल्या माणसांची गोष्ट. माझा अंगठा यंत्राला काही पटेना. पस्तीस वर्षं फॉर्मॅलिनमध्ये बेडूक हाताळल्यावर बोटांवर रेषा कुठल्या राहायला? पुढचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही कागदोपत्री गेलात." त्या क्षणी मला व्हॅम्पायरांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. चौथ्या प्रयत्नाला ठसा लागला. तोवर माझी सतरा प्रकरणं झाली होती.

सतरा! आणि यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रकरण असतं चार-पाच पानांचं. दार उघडतं, दारात कुणीतरी उभं असतं, आणि प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण भलत्याच ठिकाणी, भलत्याच माणसांचं. दारात कोण होतं हे कळायला तुम्हाला ते ओलांडून तिसऱ्यात जावं लागतं, आणि तोवर दुसऱ्यातलंही एक दार उघडं राहिलेलं असतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर या लेखकाकडे सिंगल बेल नाहीच. गाडी थांबायच्या आतच टणटण, डबल बेल, चला. प्रत्येक प्रकरणाचा शेवट ही डबल बेलच असते, आणि तुम्ही दररोज रात्री ठरवता काय, तर "हे प्रकरण संपलं की ठेवतो." जिथे गाडी सुटते नेमक्या तिथे उतरायला बघता. कसं जमेल?

मी केलेला उपाय सांगते. प्रकरणाच्या मध्येच थांबायचं. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर माणसं नुसती बोलत असतात, जखमा बांधत असतात, यानाची दुरुस्ती चाललेली असते, तिथे. घाटात केळघरच्या वर एखादा सपाटीचा तुकडा लागतो ना, तसा. तिथे बोट घालून मिटलं की झोप येते. मला तरी आली.

विसरण्याचं म्हणाल, तर वयाला दोष देऊ नका. माझ्या सव्वीस वर्षांच्या भाचीलाही तिसऱ्या भागातल्या वैमानिकेचं नाव सांगता आलं नाही. वेगात वाचताना आपण फक्त "पुढे काय" एवढंच धरून ठेवतो आणि उत्तर मिळालं की सोडून देतो. एक करून बघा. वेबिल भरायची तुमच्या हाताला सवय आहे. टप्पा आला की किती चढले, किती उतरले, कुठून कुठे. तसंच एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक प्रकरणाला एकच ओळ लिहा, कोण चढलं, कोण उतरलं. इथे उतरलेला बहुधा मेलेला असतो, तेवढा फरक. मी दुसऱ्या भागापासून असं लिहायला लागले, आणि त्या वहीनंच पुढे लेखकाची चोरी पकडून दिली. त्याकडे येतेच.

आधी लाल सूर्य. कंडक्टरसाहेब, ही पळवाट नाही. उलट सहा भागांतली मला सगळ्यात आवडलेली जागा हीच.

मुळात व्हॅम्पायर उन्हात जळतो हा काही जुना नियम नव्हे. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला १८९७ साली आला. तो भर दिवसा लंडनमधल्या पिकॅडिलीत उभा असतो. दिवसा त्याची ताकद फक्त कमी होते. उन्हानं मरण्याची कल्पना रुळली ती १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटापासून. म्हणजे नियम ज्याचा तो घालू शकतो. पण एकदा घातला की पाळायचा, आणि विज्ञानकथा असेल तर त्याचं कारणही द्यायचं. या लेखकानं पहिल्याच भागात कारण दिलंय. व्हॅम्पायरची कातडी जळते ती उजेडानं नव्हे, अतिनील किरणांनी. ते वाक्य तुमच्या डिक्शनरीच्या दिवसांत निसटलं असेल, परत बघा.

आता आपला सूर्य पृष्ठभागावर साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापमानाचा. लाल खुजा तारा असतो त्याच्या निम्म्या तापमानाचा. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं आणि जास्त तापलं की पिवळं-पांढरं, तोच हिशेब. तारा जितका थंड तितके त्याच्या उजेडात अतिनील किरण कमी. तेव्हा लाल सूर्याखाली आपला गडी टोपी न घालता फिरला तर नियमाला धरूनच आहे. शंका काढायची तर वेगळी काढा. असे बारके लाल तारे अधूनमधून भडकतात. आपल्याला सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, तोही त्यांतलाच, आणि भडका उडाला की अतिनील किरणांचा मारा होतो. लढाई ऐन रंगात आली असताना सूर्य भडकला असता तर? लेखकाला हे सुचलं नाही याचं मला खरोखर वाईट वाटलं. फुकटचं एक प्रकरण गेलं त्याचं.

चांदण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच. मग व्हॅम्पायर पौर्णिमेला कसा फिरतो? पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या जवळपास चार लाखपट मंद असतो. चार लाखांश ऊन चालत असणार, आपल्याला चिमूटभर मीठ चालतं तसं.

आता चोरी. दुसऱ्या भागात हा सरदार (तोच ना, तुमच्या ताज्या कलमातला?) अकरा दिवस रक्त न मिळाल्यानं मरायला टेकतो. त्यावर पन्नास पानं आहेत आणि उत्तम आहेत. सहाव्या भागात तोच चाळीस दिवस यानात बसून जातो, वाटेत काही पीत नाही, आणि उतरतो तो थेट तलवार घेऊन. माझ्या वहीत दोन्ही ओळी समोरासमोर आल्या. मी पुस्तक मिटलं आणि मोठ्यानं "खोटारडा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत उघडलं, ते सोडा.

यात माझा राग व्यवसायातून आलेला आहे. रक्त हे फार वाईट अन्न आहे. त्यात बहुतेक पाणी असतं. एका लिटरमध्ये सुमारे दोनशे ग्रॅम प्रथिनं, चरबी आणि साखर नावाला. म्हणजे लिटरला ढोबळमानानं आठशे कॅलरी. माणसाएवढ्या देहाला दिवसाला दोन हजार लागतात असं धरलं तर रोज अडीच लिटर रक्त हवं. रक्तदानाची पिशवी साधारण साडेतीनशे मिलिलिटरची, म्हणजे रोज सात पिशव्या. एका पुरुषाला तीन महिन्यांतून एकदा रक्त देता येतं. तेव्हा कुणालाही न मारता एक व्हॅम्पायर पोसायचा तर ६३० दाते कायमचे बांधलेले हवेत. एका व्हॅम्पायरला एक मोठी वाडी! वाघाला जंगल का लागतं तेच हे गणित. पीटर वॉट्स नावाचा कॅनडाचा लेखक आहे, शिक्षणानं सागरी जीवशास्त्रज्ञ. त्याच्या २००६ च्या 'ब्लाइंडसाइट'मध्ये एलियन आहेत आणि व्हॅम्पायरही. त्याचे व्हॅम्पायर वर्षानुवर्षं झोपून राहतात, कारण दुसरं काही केलं तर भक्ष्यच संपेल. क्रूसाला ते का घाबरतात याचंही त्याच्याकडे कारण आहे. काटकोनात छेदणाऱ्या रेषा दिसल्या की त्यांच्या मेंदूला झटका येतो, आणि माणसांनी काटकोनी घरं बांधायला सुरुवात केली तेव्हा ते नामशेष झाले. वाचायला अवघड आहे, दीड वाजेपर्यंत जागवणार नाही, पण एकदा घातलेला नियम कसा वापरायचा ते बघायचं तर तिथे.

राहिल्या वहिनी. त्यांना काही सांगायची गरज नाही, त्यांच्याकडून शिकायची आहे. सप्तशतीतल्या रक्तबीजाची गोष्ट त्यांना विचारा. त्याच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला की तितक्याच ताकदीचा नवा राक्षस उभा. मारावं तितके वाढतात. हेच गणित तुमच्या व्हॅम्पायरांना लावा. एका व्हॅम्पायरनं महिन्याला एकाला चावलं आणि चावलेला व्हॅम्पायर झाला, तर एकाचे दोन, दोनाचे चार. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ होती. एकविसाव्या महिन्यात व्हॅम्पायर वीस लाखांच्या वर जातात आणि बाविसाव्यात जिल्ह्यात माणूस शिल्लक राहत नाही. तेहेतिसाव्यात पृथ्वीवर. मालिकेच्या लेखकानं यावर उपाय काढलाय की चावलेला प्रत्येक जण व्हॅम्पायर होत नाही. देवीनं काढलेला उपाय जास्त मुळावर घाव घालणारा होता. तिनं चामुंडेला सांगितलं, थेंब खाली पडूच देऊ नकोस, पिऊन टाक. तेव्हा रक्त पिण्याची गोष्ट घरात तुम्ही आणलीत असं वहिनींनी म्हणू नये. दिवेलागणीला मात्र टॅब मिटा. त्यात व्हॅम्पायरांचा संबंध नाही, घरातल्या माणसाचा आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या वाड्याच्या माळ्यावर वटवाघळं आहेत. माझा भाऊ म्हणतो ती रात्री रक्त पितात आणि गोष्टीतल्या पुस्तकांमधले व्हॅम्पायर त्यांच्यापासूनच सुरू झाले. खरं आहे का?

— एक विद्यार्थिनी, वाई

उत्तर : भावाला सांग की त्याला पासपोर्ट लागेल. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत. युरोपात रक्त पिणाऱ्या भुतांच्या कथा आधीपासूनच होत्या. या वटवाघळांची हकिकत तिकडे पोचल्यावर लोकांनी भुताचंच नाव त्यांना दिलं. म्हणजे क्रम भाऊ म्हणतो त्याच्या उलटा आहे.

तुमच्या माळ्यावरची बहुधा किडे खाणारी असतील. आपल्याकडे एक मोठ्या कानांचं वटवाघूळ आहे, त्याला इंग्रजीत 'खोटं व्हॅम्पायर' म्हणतात. ते बेडूक, पाली, उंदीर, किडे खातं. जुन्या मंडळींना वाटलं, रक्तही पीत असेल, पीत नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

खरं व्हॅम्पायर वटवाघूळ मुठीत मावेल एवढं, वजन तीस-चाळीस ग्रॅम. ते रक्त शोषत नाही. पुढच्या दातांनी बारीक काप घेतं आणि मांजर दूध चाटतं तसं चाटतं. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारं एक प्रथिन असतं, त्याला शास्त्रज्ञांनी ड्रॅक्युलिन असं नाव दिलंय. शास्त्रज्ञही पुस्तकं वाचतात बघ. दोन-तीन रात्री उपाशी राहिलं की ते मरतं. आणि म्हणूनच एक गोष्ट करतं, जी मला कुठल्याही कादंबरीतल्या व्हॅम्पायरनं केलेली आठवत नाही. ज्याला शिकार मिळाली नाही त्याला शेजारचं आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी हे नीट पाहून १९८४ साली 'नेचर'मध्ये लिहिलं. आधी ज्यानं भरवलं त्याला पुढे भरवलं जातं, असा तो व्यवहार आहे. भिशीसारखा.

आपल्या जिल्ह्यात रक्त पिणारे बघायचे तर पावसाळ्यात कोयनेच्या जंगलात जा. एके वर्षी मी बी.एस्सी.च्या मुलांना नवज्याला घेऊन गेले होते. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा असं सगळ्यांना बजावलं आणि स्वतःचे मोजे विसरले. संध्याकाळी बूट काढला तर घोट्याला सहा जळवा, जांभळासारख्या फुगलेल्या. दुखलं अजिबात नाही, पण त्या पडल्यावर तीन तास रक्त थांबेना, कारण जळूही लाळेतून रक्त न गोठण्याचं औषध सोडते. मुलांना परीक्षेत हा प्रश्न आला तेव्हा कुणाचाही एक मार्क गेला नाही.

वटवाघळाला उघड्या हातानं हात लावू नकोस. चावलंच तर जखम साबणानं धुऊन लगेच दवाखान्यात. भावाचं ऐकत बसू नकोस.

प्रश्न : मला अशा भन्नाट वेगाच्या विज्ञानकथा आवडतात, पण इंग्रजी जमत नाही. मराठीत काय वाचू? आणि मालिका मधल्या भागापासून वाचली तर चालते का?

— एक दुकानदार, विटा, जि. सांगली

उत्तर : दुसऱ्याचं आधी. चालत नाही. छापून आलेल्या क्रमानंच वाचा. पुष्कळ मालिकांत नंतर "त्याच्याही आधीची गोष्ट" म्हणून एखादा भाग निघतो. घटना आधीची असते म्हणून तो पहिला वाचला तर पुढचं सगळं गुपित फुटतं.

मराठीत व्हॅम्पायर आणि एलियन एकत्र असा माल फारसा मिळणार नाही. त्याला कारण आहे असं मला वाटतं. आपली भुतं रक्तावर नाहीत. मुंजा पिंपळावर बसतो, चकवा वाट चुकवतो, आणि फारच झालं तर तिकाटण्यावर दहीभाताचा उतारा ठेवला की विषय मिटतो. दहीभातावर भागवणाऱ्या भुताची नऊ भागांची मालिका कशी होणार? तरी नारायण धारप घ्या. त्यांनी भयकथाही लिहिल्या आणि विज्ञानकथाही, आणि दोन्हींत ते तुम्हाला दुकान वेळेवर उघडू देणार नाहीत. लहानपणी निसटलं असेल तर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेले ज्यूल व्हर्न आणि वेल्स वाचा. आणि जयंत नारळीकर. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं; आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. नावामुळे बक्षीस मिळालं असं कुणी म्हणू नये म्हणून. बक्षीस मिळालंच. वेग त्यांच्याकडे कमी, पण नियम मोडलेला कधी सापडायचा नाही. घातलेला नियमच गोष्टीला पुढे ढकलत असतो.

प्रश्न : आपलं मासिक आम्ही चाळीस वर्षं घेतो. इंग्रजांची भुतं आणि त्यांच्या उडत्या तबकड्यांचं कौतुक या सातारच्या मातीत कशासाठी?

— एक जुने वर्गणीदार, शनिवार पेठ, सातारा

उत्तर : तुमचा राग मला कळतो, पण तोफ चुकीच्या दिशेला लावली आहेत.

ड्रॅक्युला १८९७ च्या मे महिन्यात आला. त्याच वर्षी एच. जी. वेल्स यांची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी लंडनच्या एका मासिकात क्रमशः छापून येत होती. पुस्तक झालं १८९८ मध्ये. व्हॅम्पायर आणि एलियन हे असे एकाच वर्षाचे, जवळजवळ एकाच पाळण्यातले. आणि वेल्सचे मंगळवासी काय खातात? त्यांना पोटच नाही. ते जिवंत माणसाचं रक्त काढून नळीनं स्वतःच्या शिरांत सोडतात. नऊ भागांच्या लेखकानं चौथ्या भागात मोठा धक्का म्हणून जे उघड केलंय, की दोघांचं मूळ एकच, ते वेल्स सव्वाशे वर्षांपूर्वी सांगून बसले होते.

पण तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट पहिल्याच प्रकरणात आहे. मंगळवासीयांना नावं ठेवण्याआधी, वेल्स म्हणतात, आपण टास्मानियातल्या लोकांचं काय केलं ते आठवा. वरून कुणीतरी जास्त ताकदीचं येतं, तुमच्याशी बोलणंसुद्धा करत नाही, यंत्र लावतं आणि सगळं ताब्यात घेतं. लंडनच्या वाचकाला ही कल्पना चित्तथरारक वाटली. आपल्याकडे १८१९ च्या सप्टेंबरात कंपनीनं प्रतापसिंह महाराजांशी तह केला, १८३९ मध्ये त्यांना गादीवरून उतरवलं आणि १८४८ ला वारस नाही म्हणून सातारा खालसा केला. आपल्या पणजोबांना वेल्स वाचायला दिला असता तर त्यांनी विचारलं असतं, यात कल्पित काय आहे?

आणि शेवट. मंगळवासीयांना तोफा हरवू शकत नाहीत, जंतू हरवतात. हे लिहून छापलं जात होतं त्या १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. त्याचा जंतू तीनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता, हाफकिननं त्यावरची लस जानेवारीत मुंबईत स्वतःच्या अंगावर टोचून बघितली होती, आणि घरोघर घुसणाऱ्या गोऱ्या शिपायांपायी जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. लंडनच्या मासिकात जंतूंनी परक्या सत्तेला लोळवलं. पुण्यात जंतू आला आणि सत्तेला घरात शिरायला निमित्त मिळालं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी मराठीत कादंबरी लिहिली तर मी ती प्रकरणाच्या मध्ये थांबून वाचणार नाही. तुम्ही चाळीस वर्षांचे वर्गणीदार, हातात वेळ असेल, तर तुम्हीच का लिहीत नाही?

ता. क., पहिल्या पत्रासाठी : कंडक्टरसाहेब, संपादकांनी तुमच्या त्या चार ओळी काळ्या केल्या खऱ्या, पण कागद उजेडाला धरला की पहिली ओळ दिसते. सरदार कुणाच्या तरी मुलीला भेटतो, इतकं मला नको असताना कळलंय. सातवा भाग भाचीकडे नाही. नातीला विचारून ठेवा, मी गुरुवारी बाजाराला गोडोलीच्या बाजूला येणार आहे.